एमडी० चा एमडी१२७ झाला तेव्हा

मुलुंडला आमच्या इमारतीची वीज गेली. ती परत आल्यावर घरचा डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हर सुरू झाला, पण फोटोंचा फोल्डर रिकामा. आईने विचारलं, "अरे, गेले की काय सगळे?"

नाही, डेटा जागेवरच होता. डिस्कच्या जोडणीची स्थिती दाखवणारी प्रॉक-एमडीस्टॅट फाइल उघडली, तर दोन्ही डिस्क व्यवस्थित जोडलेल्या. फक्त दोन्ही डिस्कवर तोच डेटा ठेवणाऱ्या रेड-१ अ‍ॅरेचं नाव एमडी० ऐवजी एमडी१२७ झालेलं, आणि सर्व्हर फोटो शोधत होता एमडी० वर. अशा वेळी घाबरून नवा अ‍ॅरे 'क्रिएट' करायला अजिबात जाऊ नका. आहे तो डेटा त्यानेच पुसला जाऊ शकतो.

बूट होताना अ‍ॅरेची नोंद सापडली नाही, तर लिनक्स स्वतःच नंबर देतो, तोही १२७ पासून खाली. गंमत अशी, की अ‍ॅरे सांभाळणाऱ्या एमडीअ‍ॅडमच्या कॉन्फ (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये नोंद बरोबर होती. पण बूटच्या सुरुवातीला वाचली जाते ती इनिट-रॅम-एफएस (बूटपुरती छोटी फाइलसिस्टिम) मधली प्रत, आणि ती जुनीच होती. ती ताजी करणारी अपडेट-इनिटरॅमएफएस हायफन यू कमांड चालवून रीबूट केलं, एमडी० परत आला.

तरी एफएसटॅबमधून (कोणती डिस्क कुठल्या फोल्डरला जोडायची, ती यादी) मी एमडी० काढून यूयूआयडी (नाव बदललं तरी तोच राहणारा ओळख-क्रमांक) टाकला. इथे जपून: एमडीअ‍ॅडम दाखवतो तो कोलनवाला यूयूआयडी अ‍ॅरेचा असतो. एफएसटॅबला लागतो फाइलसिस्टिमचा, तो बीएलके-आयडी कमांड देते. सोबतचं 'नोफेल' तसंच ठेवलं, म्हणजे अ‍ॅरे मिळाला नाही तरी सर्व्हर बूट होताना अडकत नाही.