घरी मोजलेला रक्तदाब डॉक्टरांच्या नोंदीपर्यंत

घरच्या रक्तदाब यंत्राचे आकडे मोबाइलमधील ॲपमध्ये साठत राहतात, पण तपासणीच्या वेळी ते डॉक्टरांसमोर सलग येत नाहीत.

१. यंत्राच्या ॲपमधून मागील दोन ते चार आठवड्यांचा अहवाल पीडीएफ स्वरूपात काढावा आणि फाइलला रुग्णाचे नाव व तारीख द्यावी.

२. रुग्णाच्या १४ अंकी आभा क्रमांकाशी (आयुष्मान भारत आरोग्य खाते, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य-ओळख) जोडलेल्या आणि स्वतःची कागदपत्रे ठेवू देणाऱ्या आरोग्य-ॲपमध्ये ती फाइल साठवावी.

३. रुग्णालयाकडून नोंदी पाहण्याची विनंती आली, तर कोणत्या नोंदी आणि किती मुदतीसाठी, हे दोन्ही पाहूनच संमती द्यावी; दिलेली संमती नंतर मागेही घेता येते. दवाखाना आभाशी जोडलेला नसेल, तर त्याच अहवालाची छापील प्रत न्यावी, आणि माझ्या मते ती एरवीही जवळ असलेली बरी.

एक काळजी मात्र अवश्य घ्यावी. आई आणि वडील दोघेही एकाच यंत्रावर मोजत असतील, तर प्रत्येकाचे खाते आधी वेगळे करावे, कारण आकडे एकत्र झाले तर एकाच्या रक्तदाबावरून दुसऱ्याच्या गोळीची मात्रा बदलली जाण्याचा धोका असतो.