पोगाचार जिंकला नाही, तर निकाल कसा वाचावा

सायकलपटू तादेय पोगाचारचे नाव सहभागींच्या यादीत दिसले की तो जिंकणारच असे धरून चालण्याची सवय आता सर्वांना लागली आहे, आणि तो दुसरा किंवा तिसरा आला की ‘बिनसले कुठे?’ ही चर्चा त्याच संध्याकाळी सुरू होते. ज्याला ‘नरभक्षक’ म्हणत, त्या जुन्या सायकलपटू एडी मर्क्सने सुमारे १,८०० शर्यतींत ५२५ विजय मिळवले, म्हणजे दर तीन शर्यतींपैकी दोन तोही जिंकला नाही, हे प्रमाण आधी मनाशी ठेवावे.

मग क्रमांकाकडे न जाता मार्ग पाहावा. मिलान–सान रेमो ही जवळजवळ ३०० किलोमीटरची शर्यत. पण तिचा शेवटचा चढ, पोज्जो, जेमतेम ३.७ किलोमीटरचा आणि सरासरी चार टक्क्यांहूनही सौम्य आहे. अशा चढावर वेग इतका असतो की मागच्याला पुढच्याच्या पाठीचा आडोसा मिळतो आणि उत्तमातल्या उत्तम चढणाऱ्यालाही त्याला झटकून टाकता येत नाही. २०२५ मध्ये पोगाचारने त्याआधीच्या चिप्रेस्सा या चढावरच जोर लावून घोळका फोडला, तरीही शेवटच्या झेपेत मॅथ्यू व्हान डर पूल पहिला, फिलिप्पो गान्ना दुसरा आणि तो तिसरा आला. माझ्या मते ही त्याच्या उत्तम कामगिरींपैकी एक आहे.

अनेक टप्प्यांच्या शर्यतीत एकूण फरकावर थांबू नये. रोजचा तक्ता उघडावा. २०२३ च्या टूर द फ्रान्समध्ये योनास व्हिंगेगार्डने त्याला ७ मिनिटे २९ सेकंदांनी मागे टाकले, हे वाचून तो तीन आठवडे मागेच पडत होता असे वाटते. प्रत्यक्षात पंधराव्या टप्प्यानंतर अंतर अवघे १० सेकंदांचे होते. पुढच्या २२.४ किलोमीटरच्या, प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध सायकल चालवण्याच्या टप्प्यात १ मिनिट ३८ सेकंद गेले, आणि दुसऱ्याच दिवशी कोल द ला लोझच्या चढावर तो पार गळून गेला. एप्रिलमध्ये लिएजच्या शर्यतीत पडून त्याचे मनगट मोडले होते, हेही तक्त्याशेजारी लिहून ठेवावे.

मात्र प्रत्येक पराभवाला सबब शोधू नये. २०२५ च्या पॅरिस–रूबेमध्ये, पहिल्याच सहभागात, तो व्हान डर पूलच्या बरोबरीने पुढे होता. शेवट सुमारे ३८ किलोमीटरवर असताना एका वळणावर वेगाचा अंदाज चुकून तो आडोशाच्या कठड्यावर गेला आणि दुसरा आला. तिथे चूक त्याचीच होती.