मेदिची घराण्याची पत्रं वाचताय? या चुका टाळा

इटलीतल्या फ्लॉरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्याचे कागद तिथल्या सरकारी दफ्तरखान्यात मुख्यतः दोन संग्रहांत आहेत. 'मेदिचेओ अवांती इल प्रिंचिपातो' हा डची, म्हणजे ड्यूकचं राज्य, येण्याआधीचा, आणि 'मेदिचेओ देल प्रिंचिपातो' हा १५३७ पासूनचा. या दुसऱ्याचेच सहा हजारांवर खंड भरतात. पहिल्याच्या प्रतिमा घरबसल्या पाहता येतात, आणि घाई वाढली आहे ती त्यामुळेच. लोक आधी अख्खं पत्र उतरवून घेतात आणि मग ते कोणाचं, कधीचं हे शोधायला लागतात. क्रम नेमका उलटा हवा.

सगळ्यात मोठा घोळ तारखेचा. फ्लॉरेन्सचं वर्ष २५ मार्चला सुरू होई. १ जानेवारीची पद्धत आली ती थेट १७५० पासून. म्हणजे १ जानेवारी ते २४ मार्च या काळातल्या पत्रावरचा सन आपल्या हिशेबापेक्षा एकाने कमी असतो. मोडी कागदांतला सुहूर सन मृगाला बदलतो हे पाठ असलेली माणसंही इथे चकतात, कारण इथला आकडा ओळखीचा दिसतो आणि शंकाच येत नाही.

यातून काय होतं पाहा. फ्लॉरेन्सचा मेदिची ड्यूक अलेस्सांद्रो याचा खून त्याच्याच नात्यातल्या लोरेंझिनोने ६ जानेवारी १५३७ च्या रात्री केला, आणि ९ तारखेला त्याच्या जागी सतरा वर्षांच्या कोसिमोची निवड झाली. फ्लॉरेन्सच्या कागदांत या सगळ्यावर सन आहे १५३६. आता '२० जानेवारी १५३६' असं पत्र कोणी जसंच्या तसं यादीत टाकलं, की खुनानंतरचं पत्र खुनाच्या वर्षभर आधी जाऊन पडतं. त्या आधीच्या जानेवारीत अलेस्सांद्रो नेपल्सला होता; हद्दपार केलेल्या फ्लॉरेन्सकरांनी सम्राट पाचव्या चार्ल्सपुढे मांडलेल्या तक्रारींना तोंड देत होता. मग सत्ताबदलाच्या धावपळीचं पत्र हाती घेऊन अभ्यासक त्यात नेपल्सचं राजकारण शोधत बसतो. आणि त्याला ते सापडतंही. शोधायचंच ठरवलं की काहीही सापडतं.

दुसरी गंमत २९ फेब्रुवारीची. '२९ फेब्रुवारी १५३५' ही तारीख फ्लॉरेन्सच्या हिशेबाने अगदी बरोबर आहे, कारण ते आपलं १५३६, लीप वर्ष. संगणकातला तक्ता मात्र ती नाकारतो, आणि माणूस गुपचूप २८ करून मोकळा होतो. तारखेचा रकाना तारीख म्हणून ठेवूच नका, साधा मजकूर म्हणून ठेवा. मी दोन रकाने ठेवतो: एकात कागदावर आहे ते, दुसऱ्यात '१५३६/३७' असं जोडवर्ष. पहिल्या रकान्याला नंतर कोणीही हात लावायचा नाही.

पत्र कुठून निघालं तेही बघा. पिसाचं वर्षही २५ मार्चलाच सुरू होई, पण फ्लॉरेन्सच्या एक वर्ष पुढे. व्हेनिसचं १ मार्चला. मिलान, फेरारा नाताळपासून मोजत. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी १५८३ पासून कोचीन-गोव्यात होता, १५८८ मध्ये गोव्यातच वारला, आणि इथून मेदिची दरबाराला पत्रं लिहीत असे. लिस्बनला जाणारी जहाजं इथून हिवाळ्यात, जानेवारीच्या आसपास सुटत, म्हणजे टपाल निघायचं ते नेमकं धोक्याच्या महिन्यांत. अशा वेळी पत्रात कोणत्या ताफ्याच्या येण्याजाण्याचा उल्लेख आहे यावरून सन ठरवावा, नुसत्या आकड्यावरून नाही.

आणि '७ब्रे' म्हणजे जुलै नव्हे, सप्टेंबर! ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ नोव्हेंबर, रोमन दहा (X) डिसेंबर. 'रात्रीचे तीन तास' असं लिहिलेलं असेल तर ते सूर्यास्तापासून मोजा. पहाटेचे तीन नव्हेत.

आता नावं. 'लोरेंझो दे मेदिची' दिसलं की 'लोरेंझो द मॅग्निफिसंट' लिहून टाकायचं, ही नवशिक्यांची आवडती उडी. तो १४९२ मध्ये वारला. दर्यावर्दी अमेरिगो वेस्पुच्चीने १५०० पासून ज्याला पत्रं लिहिली तो लोरेंझो दि पिएरफ्रांचेस्को, धाकट्या पातीतला. उर्बिनोचा ड्यूक लोरेंझो (१४९२–१५१९) आणखी वेगळा, आणि वर सांगितलेला खुनी लोरेंझिनोही मूळचा लोरेंझोच. म्हणून बापाचं नाव कळेपर्यंत मी पुढे प्रश्नचिन्ह ठेवतो. बायकांच्या बाबतीत तर दुप्पट सावध राहा. लुक्रेझिया तोर्नाबुओनी ही मॅग्निफिसंटची आई. त्याची मुलगी लुक्रेझिया याकोपो साल्वियातीला दिली, तिची मुलगी मारिया ही पहिल्या कोसिमोची, म्हणजे वर आलेल्या १५३७ च्या कोसिमोची, आई, आणि कोसिमोची मुलगी पुन्हा लुक्रेझिया, एस्ते घराण्यात दिलेली. शोध माहेरच्या आणि सासरच्या, दोन्ही आडनावांनी घ्या.

सोयरिकीच्या घराण्यांकडे न बघणं ही चूक कमी बोलली जाते, पण महाग पडते. पाठवलेलं पत्र पाठवणाऱ्याकडे नसतं. फ्लॉरेन्सला राहतो फक्त कच्चा खर्डा. मूळ पत्र गोन्झागांच्या दफ्तरात मांतुआला, एस्तेंच्या दफ्तरात मोदेनाला. साल्वियातींचे कागद पिसाला आहेत. मॅग्निफिसंटची बायको क्लारिचे हिच्या माहेरचे, म्हणजे ओर्सिनींचे, रोममध्ये आणि काही चक्क लॉस एंजेलिसमध्ये. फार्नेझेंचं नेपल्सचं दफ्तर ३० सप्टेंबर १९४३ ला जर्मन सैनिकांनी जाळलं, त्यामुळे तिथे गेलेल्या पत्राचा फ्लॉरेन्समधला खर्डा हाच कधीकधी शेवटचा पुरावा असतो. खर्ड्यातली खोडाखोड 'स्वच्छ' करून उतरवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पानांवर जुने आणि नवे असे दोन क्रमांक असतील तर दोन्ही टिपा. सही स्वतःची आणि मजकूर कारकुनाचा असू शकतो. दोन्ही हस्ताक्षरांची तुलना केल्याशिवाय 'स्वहस्ताक्षरातलं' म्हणू नका. यंत्राने वाचून दिलेला मजकूर शोधाशोधीला ठीक, उद्धृत करायला नाही: जुन्या लघुरूपांत 'पी' (p) या अक्षराच्या दांडीला छेद म्हणजे 'पेर' आणि वळसा म्हणजे 'प्रो', यात यंत्र सर्रास फसतं. आणि पत्राची मागची कोरी वाटणारी बाजू सोडू नका. पत्ता, मोहोर आणि पोचल्याची नोंद, असलीच तर, तिथेच असते.