पालिकेचं मुख्यालय बघायला जाताना

पालिकेचं काम म्हणजे दाखला, पाणीपट्टी नाहीतर तुंबलेल्या गटाराची तक्रार. ते सगळं वॉर्ड ऑफिसात होतं. त्यामुळे जन्म मुंबईत गेलेली माणसंसुद्धा सीएसएमटीसमोरच्या मुख्यालयात कधी पाय ठेवत नाहीत. आमच्या लालबागच्या चाळीतही हीच गत. म्हणून गावाहून पाहुणे आले की मी त्यांना आधी इथे नेते, राणीची बाग नंतर.

गेटवर जाऊन ‘जरा बघून येतो’ म्हटलं तर कुणी सोडत नाही. २०२१ पासून शनिवार-रविवारी मार्गदर्शकासोबत हेरिटेज वॉक सुरू झाले. त्याची नोंदणी आधी ऑनलाइन करायची आणि ओळखपत्र जवळ ठेवायचं. शक्यतो शनिवार धरा. रविवारी मेगाब्लॉक लागला तर अर्धा जीव लोकलमध्येच जातो.

वेळेच्या अर्धा तास आधी पोचा आणि स्टेशनकडच्या फुटपाथवर उभे राहा. सकाळचं ऊन थेट इमारतीच्या तोंडावर येतं. दोन रस्ते जिथे मिळतात, त्या निमुळत्या कोपऱ्यातच वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने मनोरा चढवलाय. तुमच्या पाठीमागचं स्टेशनही त्याचंच, १८८८ मध्ये पुरं झालेलं. मुख्यालयाची कोनशिला तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी १८८४ मध्ये बसवली, इमारत १८९३ मध्ये झाली. वर तिकोनी माथ्यावर पंख पसरलेली बाई दिसेल. ती म्हणजे मुंबई, ‘हिंदुस्थानातलं पहिलं शहर’. खाली फिरोजशहा मेहतांचा पुतळा आहे. त्यांच्यासोबत फोटो सगळेच काढतात, पण तो काढताना मान जरा वर करा, नाहीतर ती बाई राहून जाते.

आत गेलात की घुमटाखालच्या जिन्यावर घाई करू नका. घोळका पुढे जाऊ द्या, कठड्याला टेकून उभे राहा, म्हणजे रंगीत काचा नीट बघता येतात. सभागृह २००० साली आगीत जळालं होतं. आज दिसतं ते नंतर पुन्हा उभं केलेलं.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो बांधकामाच्या खर्चाचा फलक. मंजूर अंदाज ११,८८,०८२ रुपये, प्रत्यक्ष खर्च ११,१९,९६९. म्हणजे सरकारी काम, आणि वर ६८,११३ रुपये शिल्लक! हा आकडा पाहुण्यांना वाचून दाखवला की हटकून कुणीतरी विचारतं, ‘मग आमच्या गावचा पूल का नाही होत?’ मी तेवढ्यात पुढे चालायला लागते.

बाहेर आल्यावर शेजारी कॅननची पावभाजी आहेच. संध्याकाळपर्यंत थांबणार असाल तर स्टेशनच्या फाटकाचे खांब बघा, एकावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. स्टेशनचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे त्यांचे फोटो तेव्हाच चांगले येतात.