व्हायरल तापात या चुका टाळा

पावसाळा लागला की इंदूरच्या रामबागेत, लोकमान्य नगरात घरोघरी एकच ऐकू येतं, "गोळी घेतली, ताप उतरला, निघतो कामावर." त्याच रात्री पाहुण्यांना घेऊन सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, चक्करही होते. मला सगळ्यांत जास्त खटकते ती हीच चूक.

जागरणात आणि ताणात मज्जातंतूंच्या टोकांतून ताणाचं रसायन नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सुटतं. हे तंतू प्लीहेपर्यंत, लसिकाग्रंथींपर्यंत, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या ठाण्यांपर्यंत पोचलेले असतात आणि टी-पेशींवर, म्हणजे विषाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवर, हे रसायन ओळखणारे ग्राही असतात. विषाणू शिरलेली पेशी मारायची तर टी-पेशीला आधी तिला घट्ट चिकटावं लागतं. ही पकड इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांची. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ती सैल करतं. झोपेत ते उतरतं आणि पकड आवळते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 164 निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडला होता. 6 तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता 7 तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाली. म्हणून ताप उतरला तरी दोन रात्री पुरेशी झोप घ्या.

पण नॉरअ‍ॅड्रेनॅलिन म्हणजे शत्रू नव्हे. प्रतिकारशक्तीला लगामही लागतो, नाहीतर दाह आपल्याच फुफ्फुसांना इजा करतो. मेंदूतून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या वाटेनेही असा लगाम लागतो. त्यात अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींना दाह आवरायला लावतं. तेव्हा ‘इम्युनिटी वाढवणारं’ जे मिळेल ते घेत सुटू नका, आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचे ग्राही अडवणारी बीपीची बीटा-ब्लॉकर गोळी स्वतःच्या मनाने सुरू किंवा बंद करू नका.

"टेन्शन घेतलंस म्हणून पडलीस आजारी," असं तर कुणालाच म्हणू नका. आजारी पाडतो तो विषाणू. समोर पोहे-जलेबी असून नको वाटणं, गप्प पडून राहणं हा आळस नाही. लढणाऱ्या पेशींची रसायनं मेंदूला तसं सांगत असतात. अशा माणसाला उठवून कामाला लावणं मला निर्दयपणाचं वाटतं.

डेंग्यूची शंका असेल तर अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळा. डेंग्यूत धोक्याचे दिवस बहुधा ताप उतरतानाच सुरू होतात. पोटात जोराची कळ, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, विलक्षण गळाठा यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.