शाळेत मातीचे बैल करायला जाताय? या चुका टाळा

बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, जवळ आला की सांगली-साताऱ्याकडच्या शाळांचे मला फोन सुरू होतात, 'पोरांकडून मातीचे बैल करून घ्या.' पहिली चूक इथंच होते. तारीख नीट विचारली जात नाही. महाराष्ट्रीय बेंदूर आषाढात, पण सांगलीकडच्या काही गावांत कर्नाटकी बेंदूर असतो आणि तो ज्येष्ठातच येऊन जातो.

मातीचं म्हणाल तर, 'माती आमच्या रानातली आणतो' या वाक्यावर भुलू नका. काळी माती मळताना लोण्यासारखी लागते, पण सुकताना फार आकसते. सकाळी शाळा उघडावी तर निम्मे बैल लंगडे! कुंभाराकडची तयार माती किंवा शाडू घ्या. काळीच वापरायची असेल तर चाळलेली बारीक वाळू मिसळा. पाय ताठ राहावेत म्हणून आत खराट्याची काडी घालू नका. माती आकसते, काडी आकसत नाही, मग तडा जाणारच. शिंगं नुसती दाबून चिकटवली तर गळतात. दोन्ही बाजू खरवडून, मध्ये पातळ चिखल लावून जोडा. आणि ऊन पडलंय म्हणून बैल अंगणात मांडू नका. पातळ पाय लवकर सुकतात, जाड पोट ओलंच राहतं. सावलीत, ओलसर फडक्याखाली दोन दिवस ठेवा.

माझी सगळ्यात मोठी चूक वेगळीच होती. नमुना म्हणून घरून सुबक बैल करून नेला, टेबलावर ठेवला. तासाभरात त्याच्याच चाळीस वाईट नकला तयार. आता हात हलवत जातो आणि विचारतो, 'तुमच्याकडचा खिलार बैल कसा उभा राहतो?' एका पोरीनं बसलेला बैल केला. पाय तडकायचा प्रश्नच मिटला. हे मला सुचलं नव्हतं.

पोरांच्या कामाला हात लावायचा मोह आवरा. वाकडं शिंग तुम्ही सरळ केलंत की तो बैल तुमचा झाला.

बाकी, एका तासिकेत काही होत नाही. जोडतास मागा, शेवटची पंधरा मिनिटं हात धुण्यासाठी ठेवा. नळ बहुधा एकच असतो. मुलं किती, हे दोनदा विचारा. 'चाळीस' म्हणतात आणि पाचवीही आणून बसवतात.

प्रदर्शनासाठी बैल शाळेच्या कपाटात अडकवू नका. बेंदराला ते घरी पूजेला लागतात.