औषधी वनस्पतींच्या अर्कावर काम करताय? या चुका टाळा

एकही पेशी नसलेली प्लेट जांभळी झालेली मी पाहिली आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पेशी किती जिवंत आहेत ते सांगणारी एमटीटी चाचणी सगळेच करतात. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचं जांभळं फॉर्माझान करतात, ५७० नॅनोमीटरला रंग मोजायचा, रंग जास्त तर पेशी जास्त. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एका सालीच्या अर्कावर काम करत होतो. हायड्रोजन पेरॉक्साइडने पेशींना इजा करायची आणि अर्क त्यांना वाचवतो का, ते बघायचं. आलेख दृष्ट लागण्यासारखा आला. डोस वाढेल तशा पेशी जास्त जगत होत्या. सर्वांत मोठ्या डोसला तर पेरॉक्साइड न दिलेल्या पेशींपेक्षाही जास्त. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. आम्ही त्याला 'पेशीवाढीला चालना' म्हटलं आणि पुढे गेलो.

दोन महिन्यांनी एकदा प्लेट रीडरमध्ये घालण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पेशी गोल होऊन तळापासून सुटल्या होत्या, मेल्या होत्या. मग प्लेटमधल्या रिकाम्या वेलमध्ये (छोट्या खळग्यात) नुसतं मीडियम म्हणजे पेशी वाढवायचं द्रव, अर्क आणि एमटीटी घालून ठेवलं. काही तासांत जांभळं. सालीतली पॉलिफेनॉल्स ही रसायनंच एमटीटीचं क्षपण करत होती, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन जांभळं करत होती, पेशींचा त्यात काही संबंध नव्हता. शिवाय असे अर्क मीडियममधलं पेरॉक्साइड पेशीपर्यंत पोचण्याआधीच संपवू शकतात, तेही 'संरक्षण' म्हणून मोजलं जातं. दोन महिन्यांचं काम बाद झालं.

तेव्हापासून नवीन अर्क आला की माझी पहिली प्लेट पेशींशिवाय असते. एमटीटी घालण्याआधी अर्क काढून पेशी बफरने दोनदा धुतो, आणि निकाल महत्त्वाचा असेल तर ट्रिपॅन ब्लूने (हा रंग फक्त मेलेल्या पेशींत शिरतो) पेशी मोजून किंवा पेशींतल्या प्रथिनांना रंगवणारं सल्फोऱ्होडामाइन बी वापरून पडताळतो. एक दिवस जास्त जातो. ज्यांना तो दिवस परवडत नाही, त्यांनी या क्षेत्रात घाई करू नये असं मला मनापासून वाटतं.

दुसरी चूक त्याहून जुनी आहे: वनस्पती कोणती, हेच नक्की न करणं. 'शंखपुष्पी' या एका नावाखाली कन्व्हॉल्व्ह्युलस, इव्हॉल्व्ह्युलस आणि गोकर्ण अशा तीन वेगळ्या वनस्पती वापरल्या जातात. तयार भुकटीची पिशवी आणून प्रयोग सुरू केलात, तर तुमचा निकाल नेमका कशाचा? बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या उपचारात स्टिफॅनिया टेट्रँड्राऐवजी ॲरिस्टोलोकिया फांगची वापरली गेली. चिनी नावं 'हान फांग जी' आणि 'ग्वांग फांग जी', एवढाच फरक. १९९३ साली पहिली प्रकरणं प्रसिद्ध झाली. पुढे शंभराहून अधिक लोकांची मूत्रपिंडं निकामी झाल्याचं दिसलं, आणि काहींना नंतर मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. म्हणून फुला-फळासकट फांदी दाबून, वाळवून, वनस्पतितज्ज्ञाकडून ओळख पटवून हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जमा करा. क्रमांक मिळाल्याशिवाय मी ग्राइंडर सुरू करत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. अर्क विरघळवायला वापरलेल्या डीएमएसओचा कंट्रोल (अर्काशिवाय नुसतं डीएमएसओ दिलेल्या पेशी) ठेवाच, आणि वेलमधलं त्याचं अंतिम प्रमाण ०.५ टक्क्याच्या खाली, जमल्यास ०.१ वर आणा. अँटिऑक्सिडंट चाचणीतल्या डीपीपीएच या रसायनाचा रंग उडाला म्हणजे अर्क रोग बरा करतो असं नाही. ती बाटलीतली रासायनिक क्रिया आहे. सालीपानांतलं तुरट टॅनिन कुठल्याही प्रथिनाला चिकटतं, त्यामुळे 'एन्झाइम रोखलं' म्हणण्याआधी टॅनिन काढून पुन्हा बघा. जंतूंवरच्या परिणामासाठी कागदी चकतीभोवतीचं वर्तुळ मोजत बसू नका. तेलकट घटक आगारमध्ये पसरतच नाहीत, द्रव माध्यमात एमआयसी (जंतूंची वाढ रोखणारं अर्काचं कमीत कमी प्रमाण) काढा.

अर्क काढायची रीत ठरवताना जुन्या ग्रंथात वनस्पती कशी वापरली आहे ते वाचा. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या गटाला आर्टेमिसिया या वनस्पतीच्या गरम करून काढलेल्या अर्काचे निकाल धड मिळत नव्हते. चौथ्या शतकातल्या ग्रंथात ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती, उकळायला नाही. १९७१ मध्ये त्यांनी कमी तापमानाला ईथर वापरलं आणि तो अर्क हिवतापावर चालला. आर्टेमिसिनिन हे हिवतापावरचं औषध त्यातूनच मिळालं, २०१५ चं नोबेलही.

आणि डोस. उंदरांना किलोमागे १००० मिलिग्रॅम अर्क देऊन 'गुणकारी' लिहिलेले शोधनिबंध माझ्याकडे सतत तपासायला येतात. शरीराच्या पृष्ठफळाच्या हिशेबाने त्याला साधारण १२ ने भागा: ६० किलोच्या माणसाला रोज ५ ग्रॅम सुका अर्क. १०० ग्रॅम भुकटीतून १० ग्रॅम अर्क निघत असेल, तर रोज ५० ग्रॅम भुकटी. हा हिशेब प्राण्यांवरचा प्रयोग आखण्याआधी कागदावर करा. आकडा असा आला, तर प्राणी मागवू नका, आधी अर्काचे भाग वेगळे करून कोणता भाग काम करतो ते शोधा.